मेच्या अवकाळी पावसात नागपूरच्या काळ्या मातीत परसबाग: आता काय लावायचं, काय थांबवायचं

प्रश्न असा आहे: नागपुरात घरामागे २० बाय ३० फुटांची मोकळी जागा आहे, माती काळी. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी पाऊस झाला, पारा उतरला, जमीन ओलीचिंब आहे. मृगाची वाट न पाहता आताच भाजीपाला आणि निंबू, पपई, जाम (पेरू), संत्रा लावून घ्यावा का? आणि घाईने टाकलेली मेथी उगवून पिवळी का पडते आहे?

भाज्यांपैकी चार-पाच आता थेट पेरता येतील. बाकीच्या पिशवीत किंवा ट्रेमध्ये टाकून ठेवायच्या. फळझाडं मात्र आत्ता अजिबात नाहीत. ओल दिसली की हात शिवशिवतात, पण हा पाऊस पेरणीचा नाही. तो जमीन तयार करायला मिळालेला वेळ आहे, आणि काळ्या मातीत ही तयारीच अर्धी बाग असते.

आधी पुढचं हवामान बघा. २५ मेला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. आठवडाभर ढगाळ गेलं तरी ढग हटले की नागपूरचा पारा चार-पाच दिवसांत पुन्हा ४३-४४ वर येतो. मोसमी पाऊस इथे साधारण जूनच्या मध्यास पोचतो. म्हणजे आज लावलेल्या रोपाला पाच-सहा आठवड्यांत तीन हवामानं सोसायची आहेत: आधी गार चिखल, मग भट्टी, मग सततचा पाऊस. जागेवरच बी उगवून खाली सोटमूळ सोडणारं पीक यातून निभावतं. पिशवीतून काढून लावलेलं, मुळं दुखावलेलं रोप बहुतेक वेळा नवतप्यातच जातं.

दुसरी गोष्ट सूर्याची. नागपूर २१ अक्षांशाच्या थोडं वर आहे, त्यामुळे २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली पडते. कंपाउंडच्या भिंतीची सावली मिळेल हा हिशेब या दिवसांत चालत नाही. सावली हवी असेल तर ती वरूनच द्यावी लागते, म्हणजे ५० टक्क्यांची हिरवी जाळी सहा-सात फुटांवर ताणायची. ती १५ जूनच्या सुमारास काढायला विसरू नका. पावसाळ्यात जाळीखाली राहिलेली भेंडी आणि वांगी नुसती उंच वाढतात, फळ धरत नाहीत.

वाफसा म्हणजे काय आणि तो कसा ओळखायचा

काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातल्या हवेच्या जागा बुजतात. वाळली की आकसते आणि भेगा पडतात. ती फुगलेली असताना तुम्ही तिच्यावर चाललात, कुदळ मारली किंवा फावड्याने उलटली, तर मातीचे कण एकमेकांवर चोपडले जातात. वाळल्यावर त्याची ढेकळं विटेसारखी होतात आणि मग वर्षभर फुटत नाहीत. हे नुकसान कुठल्याही खताने लवकर भरून येत नाही. म्हणून पाऊस थांबल्यावर पहिले तीन-चार दिवस बागेत पाय ठेवायचा नाही. जाणं भागच असेल तर फळी टाकून जा.

वाफसा म्हणजे माती ओलसर, पण चिकट नसून काम करण्याजोगी असते ती अवस्था. तो बघायला चार-पाच इंच खालची माती मुठीत घ्या आणि दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टिचकी मारल्यावर भुगा झाला, तर वाफसा आहे. त्याच मातीची तळहातावर पेन्सिलीसारखी वळी वळता आली तर अजून थांबा. वरची माती बघून फसू नका. मेच्या उन्हात वरचा एक इंच दोन दिवसांत वाळून केसासारख्या भेगा पडतात आणि खाली शेण असावं तसा लगदा असतो. साधारण २० मिलिमीटर पावसानंतर भर उन्हात चार-सहा दिवस लागतात, ढगाळ असेल तर आठवडा.

तुमची माती खरंच काळी आहे का, तेही एकदा बघून घ्या. शहराचा पश्चिम भाग दख्खनच्या काळ्या खडकावर आहे आणि पूर्वेकडे तो खडक संपतो, त्यामुळे माती वस्तीगणिक बदलते. नव्या लेआउटमध्ये तर वर काळी माती आणि खाली मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा मलबा असा भराव असतो. दोन फूट खणल्याशिवाय कळत नाही.

खणलाच आहे खड्डा, तर निचऱ्याची परीक्षाही करून टाका. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल. पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून मोजा. दुसऱ्या वेळी तासाला एक इंच किंवा जास्त उतरलं तर निचरा चांगला. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर तुमच्या बागेत सपाटीवर काहीच लावायचं नाही, सगळं उंचावर. पुढचं सगळं या परीक्षेवर ठरेल, ती टाळू नका.

काळ्या मातीत वाळू मिसळा हा सल्ला सर्रास मिळतो. एक-दोन घमेली बारीक वाळूने माती भुसभुशीत होत नाही, उलट घट्ट बसते. फरक पडायला वाळू जवळजवळ मातीइतकीच लागेल, आणि तेवढ्या पैशात दोन वर्षांचं शेणखत येतं.

वाफे

२० बाय ३० मधला अर्धा भाग, म्हणजे २० बाय १५, भाजीला ठेवा. त्यात ३ फूट रुंद आणि १५ फूट लांब असे चार गादीवाफे बसतात, मध्ये दीड-दीड फुटाच्या तीन सऱ्या, दोन्ही कडांना पावणेदोन फूट. वाफ्याची रुंदी तीन फुटांपेक्षा वाढवली तर मधोमध हात पोचायला आत पाय द्यावा लागतो आणि गादीवाफ्याचा उद्देशच जातो. उंची ९ ते १२ इंच. माती बाहेरून आणायची गरज नाही, सऱ्या खणून निघालेली माती वर टाकली की बरीच उंची येते, उरलेली खताने भरते.

सरीला १० फुटांत दीड-दोन इंचांचा उतार द्या आणि शेवट रस्त्याच्या नालीकडे काढा. ५० मिलिमीटरची एक जोरदार सर आली तर ६०० चौरस फुटांवर पावणेतीन हजार लिटर पाणी पडतं. ते कुठून बाहेर जाणार, याचं उत्तर आधी हवं. छताचा पाइप बागेत सोडलेला असेल तर तो आजच वळवा. पावसात बुडालेल्या कितीतरी परसबागांचं खरं कारण आभाळ नसून हा पाइप असतो.

दर वाफ्याला पूर्ण कुजलेलं शेणखत २० ते २५ किलो, गांडूळखत ५ किलो, निंबोळी पेंड अर्धा ते एक किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट सव्वाशे ते दीडशे ग्रॅम. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. कच्च्या खतात उधई आणि हुमणी दोन्ही येतात, आणि पावसात ते कुजताना तापून मुळं जाळतं. पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी १० किलो शेणखतात १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळा, ओलसर करून सावलीत गोणपाटाखाली ठेवा, दोन-तीन दिवसांनी खालीवर करा आणि मग चारही वाफ्यांवर वाटून पसरा. कोवळ्या रोपांची मर रोखायला परसबागेत याहून स्वस्त उपाय नाही. फक्त त्याच सुमारास त्या मातीत ताम्रयुक्त बुरशीनाशक ओतू नका, ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच आहे.

युरिया आता नको. पावसात तो वाहून जातो, आणि जो राहतो त्याने पानं लुसलुशीत होऊन मावा बोलावतो.

आता थेट काय पेरायचं

वाफसा आला की भेंडी, गवार, बरबटी (चवळीच्या शेंगा), चवळाई (माठासारखी पालेभाजी) आणि अंबाडी. या पाचही उष्णतेच्या आहेत.

भेंडीचं बी रात्रभर पाण्यात ठेवा, तरंगणारं टाकून द्या. दोन ओळींत दीड फूट, दोन झाडांत एक फूट, एका जागी दोन बिया. उगवल्यावर एक काढायचं, आणि ते उपटायचं नाही, कात्रीने कापायचं, म्हणजे शेजारचं मूळ हलत नाही. ४५ ते ५० दिवसांत तोडणी. पावसाळी भेंडीचा शत्रू पिवळ्या शिरांचा विषाणू रोग आहे, तो पांढरी माशी पसरवते. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारखे त्याला बऱ्यापैकी टिकणारे वाण घ्या. शिरा पिवळ्या झालेलं झाड औषधाने सुधारत नाही, दिसलं की उपटा.

गवार आणि बरबटीला दीड फुटावर ओळी, झाडांत अर्धा फूट पुरे. दोन्ही शेंगवर्गीय असल्याने त्यांना वरून नत्र देऊ नका. दिलं तर पानांचं रान माजतं आणि शेंगा हरवतात. चवळाईचं बी बारीक वाळूत मिसळून फेकायचं आणि वर बोटभरही माती नको, नुसतं हाताने थोपटायचं. पंचवीस-तीस दिवसांत कापणी. अंबाडी एका वाफ्याच्या चौथाईत टाकली तरी पावसाळाभर पुरते.

पेरताना सगळ्यात मोठी अडचण पापडीची. बी टाकल्यावर पाऊस आला आणि लगेच ऊन पडलं की काळ्या मातीवर कडक पापडी धरते. कोंब तिच्याखाली वाकडे होऊन मरतात आणि आपण बियाणेवाल्याला दोष देतो. म्हणून बी मातीने झाकायचंच नाही. वरून गांडूळखत आणि वाळू निम्मं-निम्मं मिसळून टाका, जाडी बियाच्या दुप्पट. वर सोयाबीनचं कुटार (भुसा) किंवा वाळलेलं गवत पातळ पसरा आणि अर्धे कोंब दिसले की त्या संध्याकाळी ते बाजूला सारा. उशीर केला तर रोपं दोऱ्यासारखी लांबतात.

हळद, आलं आणि धोपा (अळू) हेही आताच लावायचे. हळदीचं बेणं डोळे फुगलेलं, ३० ते ४० ग्रॅमचं, दोन इंच खोल, एक-एक फुटावर. यांना अर्धी सावली चालते, म्हणून मांडवाखालची जागा यांची. पण साचलेलं पाणी यांनाही चालत नाही. कंद सडला की वरून पान पिवळं दिसेपर्यंत खाली काही उरलेलं नसतं.

वेलींना पिशवी

कारली, दोडकी, लवकी (दुधी), काकडी या आता जागेवर लावू नका, ४ बाय ६ इंचांच्या काळ्या पिशव्यांत पेरा. तळाला आणि बाजूंना सहा-आठ भोकं, भरायला माती, शेणखत आणि वाळू सारख्या भागात. २० मेला पेरलं तर मृगाच्या सुरुवातीला, ८-१० जूनला, दोन-तीन खरी पानं असलेलं रोप तयार होतं. त्याहून मोठं होऊ देऊ नका. वेलवर्गाची मुळं दुखावलेली चालत नाहीत, म्हणून पिशवी ब्लेडने उभी चिरायची आणि मातीचा गोळा न फोडता लावायचा.

कारल्याचं कवच टणक असतं. बी २४ तास भिजवून, ओल्या फडक्यात दोन-तीन दिवस बांधून, मोड दिसल्यावर पेरलं तर उगवण एकसारखी होते. नाहीतर आठ-दहा दिवस वाट पाहून लोक पिशवी उकरतात आणि तेव्हाच कोंब मोडतो.

चार माणसांच्या घराला लवकीचा एक वेल, दोडक्याचे दोन, कारल्याचे दोन आणि काकडीचे तीन पुरतात. मांडव उत्तरेच्या कडेला घाला. मेमध्ये त्याने फरक पडत नाही, पण सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेचा मांडव हिवाळी भाजीवर सावली धरतो. उंची सहा फूट, बांबू दोन फूट जमिनीत. ओल्या काळ्या मातीत दीड फुटावरचा बांबू जुलैच्या वाऱ्यात कलतो, आणि तेव्हा त्यावर वेलाचं वजन असतं. काकडीला आणि बरबटीला मात्र मांडव कशाला, गावाकडून मिळाल्या तर तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्या) रोवल्या की झालं.

लवकीचा वेल मांडवाला पोचेपर्यंत बगलफुटी काढत राहा, वर पोचल्यावर शेंडा खुडा. मुख्य वेलावर नर फुलं जास्त, मादी फुलं फांद्यांवर जास्त. इंटरनेटवर याला थ्री-जी कटिंग म्हणतात. नाव नवं, युक्ती माळ्यांची जुनी. सुरुवातीची सगळी फुलं नर असतात आणि गळतात, हा रोग नाही. उष्णतेत हा काळ लांबतो. त्यानंतरही मादी फुलाखालचं इवलं फळ पिवळं होऊन गळत असेल तर परागीकरण होत नाही असं समजा. पावसाच्या झडीत मधमाश्या फिरत नाहीत. अशा वेळी नर फूल तोडून, पाकळ्या मागे वळवून मादी फुलाला हलकेच टेकवा. वेळ मात्र पिकाप्रमाणे: काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, लवकी आणि दोडक्याची संध्याकाळी. लवकीला सकाळी दहा वाजता पराग लावणं हा वाया गेलेला खटाटोप.

कोवळ्या वेलाच्या दोन बीजपानांवर लाल-नारिंगी भुंगेरे येतात, एका सकाळीत चाळण करतात. सकाळी लवकर ते सुस्त असतात, हाताने वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. फळं धरल्यावर फळमाशी. तिला क्यू-ल्युअरचा (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा) एक सापळा परसबागेला पुरतो, फळांच्या उंचीवर टांगा. डंख मारलेली, वाकडी झालेली फळं कचऱ्यात न टाकता दीड फूट खोल पुरा किंवा काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा. नाहीतर पुढची पिढी तुम्हीच पाळत असता.

वांगी, मिरची, भेदरं (टोमॅटो)

वांगी-मिरचीचं बी आताच ट्रेमध्ये टाका. कोकोपीट आणि गांडूळखत, जाळीची सावली, आणि ट्रे जमिनीवर न ठेवता विटांवर, म्हणजे खालून पाणी निघून जाईल. वांग्याचं रोप चार-पाच आठवड्यांत, मिरचीचं पाच-सहा आठवड्यांत लावायला येतं. जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला उघडीप बघून लावा. दोन फूट बाय दीड फूट. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकलेला दिसला तर पाणी देऊ नका, आत शेंडा पोखरणारी अळी आहे. तो शेंडा दोन इंच खालून कापून नष्ट करा, दर आठवड्याला. एवढं नियमाने केलं तर घरच्या आठ-दहा झाडांना फवारणीची वेळ सहसा येत नाही.

भेदरं पावसाळ्यात लावायचा मोह टाळा. करपा आणि फळ तडकणं यात सगळं जातं. बी ऑगस्टमध्ये टाका, सप्टेंबरात लावा, हिवाळाभर खा.

फळझाडं

उरलेल्या २० बाय १५ मध्ये एक निंबू, एक जाम, दोन पपया, कोपऱ्यात मुनगा (शेवगा) आणि गोडनिंब (कढीपत्ता). याहून जास्त बसत नाही. रोपवाटिकेत सगळंच लहान दिसतं.

खड्डे आता खणा, पण लावणी जुलैत, दोन-तीन दमदार पाऊस होऊन फूटभर ओल गेल्यावर. निचरा चांगला असेल तर दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, नवतप्याचं ऊन खाऊ द्या. मग वरच्या थरातली माती, २० किलो शेणखत, एक किलो सुपर फॉस्फेट, एक किलो निंबोळी पेंड असं भरून जमिनीच्या वर अर्धा फूट उंच ठेवा, ती पावसात बसते. निचऱ्याच्या परीक्षेत नापास झालेल्या जमिनीत मात्र खड्डा खणूच नका. चिकण मातीतला भुसभुशीत खतमातीचा खड्डा म्हणजे विहीर: चारी बाजूंचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट नसते. तिथे पाच फूट व्यासाचा, दीड फूट उंच ढीग करा आणि त्यावर लावा. ओल्यात खणलेल्या खड्ड्याच्या भिंती कुदळीने गुळगुळीत होतात, त्या पंजाने ओरखडून घ्या, नाहीतर मूळ कुंडीत असल्यासारखं आतच गोल फिरतं.

निंबूसाठी साई सरबती हा वाण चांगला. पावसाळ्यात पानांवर खरबरीत तपकिरी ठिपके पडले तर तो खैऱ्या रोग. त्या फांद्या कोरड्या दिवशी कापून बोर्डो मिश्रण (कृती पुढे आहे) फवारा. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती फुलपाखराची अळी असते, हाताने काढा. घरी आधीच मोठं निंबूचं झाड असेल तर या पावसाने त्याचा ताण (बहार येण्याआधी लागणारी पाण्याची ओढ) मोडला असेल, त्यामुळे मृगाचा बहार एकदम न येता तुटक येईल. त्यावर आता उपाय नाही.

जामासाठी सरदार हा वाण. त्यालाच लखनौ-४९ म्हणतात, निवड मात्र पुण्याच्या गणेशखिंड बागेतली. फेब्रुवारी-एप्रिलची फुलं खुडून टाका. त्यांची फळं पावसाळ्यात येतात आणि फळमाशी ती आतून खाते. जून-जुलैच्या फुलांना हिवाळ्यात गोड फळ लागतं. जामाच्या माशीला सापळा वेगळा, मिथाइल युजेनॉलचा. वेलींचा क्यू-ल्युअर इथे काही उपयोगाचा नाही.

पपईच्या मुळाशी दोन दिवस पाणी साचलं तरी झाड जातं. नागपूरच्या काळ्या मातीत तिला जूनमध्ये लावणं म्हणजे जुगार. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात, ढिगावर लावा. रेड लेडीसारख्या वाणात प्रत्येक झाड फळ देतं, देशी बियाण्यात नर-मादी वेगळे, म्हणून एका ढिगावर तीन रोपं लावून फुलल्यावर एक मादी ठेवायची आणि परागासाठी बागेत एखादा नर. पाणी खोडाला लागू नये म्हणून खोडाभोवती मातीची भर आणि त्याबाहेर आळं.

आता संत्रा. नागपुरात राहून अंगणात संत्र्याचं झाड नाही हे खटकतं, मान्य. पण काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडच्या चांगल्या बागा मध्यम खोलीच्या मातीत आणि खाली मुरूम असलेल्या, निचऱ्याच्या जमिनीत आहेत. खोल, पाणी धरणाऱ्या चिकण मातीत फायटोफ्थोरा बुरशी मूळ सडवते आणि खोडातून डिंक येतो, त्यालाच डिंक्या म्हणतात. तुमच्या परीक्षेत पाणी तासाला इंचभर उतरलं तरच वरच्यापैकी एखाद्या झाडाच्या जागी एक संत्रा लावा. रोप अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेसारख्या खात्रीच्या ठिकाणचं घ्या. रंगपूर लाईम किंवा जंबेरीच्या खुंटावर (ज्यावर कलम करतात त्या खालच्या रोपावर), संत्र्याचा डोळा जमिनीपासून किमान नऊ इंच वर भरलेला हवा, आणि लावताना तो सांधा मातीत गेला तर एवढा सगळा खटाटोप फुकट. खुंटातून फुटणारे कोंब दिसतील तसे मोडा.

पावसाळ्याआधी लिंबूवर्गीय झाडाच्या खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावायचं. घरच्यापुरतं: मोरचूद १०० ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात, कळीचा चुना १०० ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे. चुना निवल्यावर दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतत ढवळा. लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बघा, तिच्यावर तांबूस थर आला तर थोडा चुना वाढवा. फवारणीसाठी हेच प्रमाण १० लिटर पाण्याला. त्याच दिवशी वापरा, उरलेलं ठेवून चालत नाही.

नव्या पालवीत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या मातीत हे नेहमीचं आहे. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर.

रोपं आधीच आणून ठेवली असतील तर पिशवीतच, जाळीखाली, विटांवर ठेवा. महिनाभर पिशवीत राहिल्याने काही बिघडत नाही.

पाणी, कूलर आणि गारा

पाऊस थांबून ऊन पडलं की दोन उलट चुका होतात. जमीन ओली आहे म्हणून वरच्या इंचात मुळं असलेल्या चवळाईला पाणी मिळत नाही, आणि वर भेगा दिसतात म्हणून भेंडीत पाणी ओतलं जातं. दोन पेरं बोट घाला, ओल लागली तर पाणी नको. भर नवतप्यात वाढलेल्या पिकाच्या एका वाफ्याला दिवसाला २५-३० लिटर लागतं, नुकत्याच उगवलेल्या वाफ्याला निम्मं, तेही सूर्य वर येण्याआधी. दोन-तीन इंच कुटार पसरलं तर पाणी बरंच वाचतं, पण ते खोडापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर ओलीत खोड सडतं आणि गोगलगायींना घर मिळतं.

कूलर धुताना टाकीतलं पाणी कुंड्यांना घालायची आपल्याकडे सवय आहे. बोअरचं पाणी दिवसेंदिवस आटत क्षार टाकीत साठतात, पॅडवरची पांढरी खपली तीच. ते पाणी रोज एकाच कुंडीला गेलं की पानांच्या कडा जळतात. मोठ्या झाडाच्या आळ्यात कधीतरी चालेल.

गारा पडल्या तर फाटलेली पानं लगेच तोडत बसू नका, मोडलेल्या फांद्या फक्त साफ कापा. दुसऱ्या दिवसाच्या आत कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच-तीन ग्रॅम फवारा, जखमेतून बुरशी शिरते. त्यानंतर आठवडाभर झाडाला एकटं सोडा. आणि जूनमध्ये कडूनिंबाखाली पडणाऱ्या निंबोळ्या गोळा करून गर धुऊन सावलीत वाळवा. ५०० ग्रॅम मगज कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवलं, गाळलं, थोडा साबण घातला की मावा-पांढऱ्या माशीचं औषध तयार.

मेथीचं काय

मेथी पिवळी पडली कारण माती पाण्याने भरलेली आहे आणि मुळाला हवा नाही. हवेशिवाय मूळ नत्र उचलत नाही, वरून युरिया टाकून ते बदलत नाही. एक रोप उपटून बघा. जमिनीलगत खोड पाण्यात भिजल्यासारखं, बारीक झालं असेल तर मर लागली आहे आणि तो वाफा गेला. मूळ पांढरं असेल तर सरी मोकळी करून पाणी काढा, आठवड्यात थोडी सावरेल, तरी नवतप्यात कडू होऊन फुलावर येईल. मेथी आणि पालक ऑक्टोबरच्या भाज्या आहेत. सांबार (कोथिंबीर) हवाच असेल तर धणे चपलेखाली रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, जाळीखाली पसरट कुंडीत टाका, आणि बोटभर उंच झाला की कापत राहा. मेथीच्या वाफ्यातली रोपं मुळासकट काढून वाफा चार दिवस उघडा तापू द्या, ट्रायकोडर्माचं शेणखत मिसळा आणि तिथे चवळाई टाका.